आधी देणे, मग दान

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आत्म्याच्या फळाची जी नऊ नावे दिली आहेत, ती मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांतल्या मुलांना संडे स्कूलच्या वयातच पाठ झालेली असतात : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. जालना जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत वाढलेल्या मलाही ती तशीच पाठ झाली, पुढे शिक्षक झाल्यावर मी ती इतरांकडून पाठ करून घेतली, आणि या वचनांवरचे उपदेश चाळीसहून अधिक वर्षे ऐकत आलो. इतक्या वर्षांनी एक गोष्ट मनाला सतत टोचत राहते. सहनशीलतेचा उपदेश आपण मजुराला करतो, सौम्यतेचा बायकांना आणि इंद्रियदमनाचा तरुण पोरांना. परंतु मजुरी अडकवून ठेवणाऱ्याला, काट्यात मारणाऱ्याला, शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला उद्देशून या नऊ शब्दांपैकी एखादा शब्द व्यासपीठावरून उच्चारला गेल्याचे मला फारसे आठवत नाही.

ख्रिस्ती सद्गुण रोजच्या जगण्यात कसे उतरवावेत, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा बहुतेक वेळा उत्तर दानाच्या भाषेत देतो. गरिबाला कपडे द्यावेत, आजाऱ्याला भेटावे, दशमांश चुकवू नये, नाताळात शेजारी फराळ पाठवावा. यातले काहीही वाईट नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, दानाच्या आधी देणे येते आणि आपल्या मंडळ्यांनी हा क्रम उलटा केला आहे. दान म्हणजे जे आपले आहे ते आपण खुशीने दुसऱ्याला देतो ते. देणे म्हणजे जे मुळातच दुसऱ्याचे आहे, पण आपल्या हाती अडकून पडले आहे ते. दानाची पावती मिळते, अर्पणाच्या यादीत नाव वाचले जाते. देणे वेळेवर फेडले तर कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि थकवले तरी ज्याचे थकले त्याच्याशिवाय कोणाला कळत नाही. म्हणूनच माणसाच्या आत प्रीती आणि विश्वासूपणा खरोखर किती मुरले आहेत, ते देण्यावरून लवकर समजते.

हे मला पुस्तकातून उमगले नाही, म्हणून माझी चूक आधी सांगतो. वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू जमीन माझ्याकडे आहे आणि तिच्यात बहुतेक वर्षी कापूस असतो. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की गावातल्या सात-आठ बाया येतात, दिवसभर कमरेच्या ओटीत कापूस गोळा करतात आणि संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेली गाठोडी बांधावरच्या निंबाखाली आणून टाकतात. फांदीला ताणकाटा टांगायचा, गाठोडे अडकवायचे आणि आकडा वहीत लिहायचा. आमच्याकडची रीत अशी की धडप्याचा म्हणून अर्धा किलो वजा करायचा आणि वरचे ग्रॅम सोडून द्यायचे. धडप्याचे वजन अर्धा किलो कधीच नसते, हे बाईलाही ठाऊक असते आणि मालकालाही. मजुरी मात्र रोज द्यायची नाही. बाजाराच्या दिवशी सगळ्यांचा हिशोब एकदम करायचा. एका गुरुवारी त्यांच्यातली एकजण वजन झाल्यावर थांबून राहिली आणि म्हणाली, ‘मास्तर, लेकराला दोन दिसापासून ताप हाय. माझे तेवढे आज देता का?’ मी म्हणालो, ‘बाजाराला सगळ्यांचं एकदमच करू, ताई.’ त्या वेळी माझ्या खिशात पैसे होते. ती काही बोलली नाही. धडपा झटकला, घडी करून डोक्यावर ठेवला आणि निघून गेली. त्या रात्री तिने शेकडा पाच रुपये व्याजाने पाचशे रुपये उचलले, हे मला पुढे महिन्याभराने कळले. मधल्या रविवारी मदतनिधीचे आवाहन झाले होते आणि मी पाकिटात पाचशेची नोट घालून दिली होती. पाळकसाहेबांनी माझे नाव घेऊन आभार मानले. खिशातले ते पैसे तिचे होते आणि ते मी देवाला दिले होते.

पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट मराठवाड्यात कोणत्याही धर्माच्या मुलाला सांगावी लागत नाही. काशीहून रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले कावडीतले पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. देवासाठी राखलेले त्यांनी तहानेल्याकडे वळवले. मी तहानेल्याचे घेऊन देवाकडे वळवले. ही तुलना मनात आली त्या दिवसापासून अर्पणाची थाळी समोर आली की माझा हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा असेच मला वाटते.

पवित्र शास्त्र या बाबतीत संदिग्ध नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, असे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात पुढे खोटी वजने आणि खोटी मापे यांची मनाई आहे, आणि ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही सर्वांच्या तोंडी असलेली आज्ञा या दोन्हींच्या मध्ये आलेली आहे. एवढ्या जवळ असूनही आपण ती त्यांच्यापासून तोडून वाचतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सूर्य मावळण्याच्या आत मजुरी द्यायला सांगितले आहे, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. याकोबाचे पत्र तर शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आहे, असे म्हणते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात उशिरा आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देणाऱ्या मालकाच्या औदार्यावर आपण नेहमी बोलतो, परंतु तो मालक संध्याकाळ होताच कारभाऱ्याला हिशोब करायला सांगतो, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याचे औदार्य त्या संध्याकाळच्या हिशोबावर उभे आहे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही हेच आहे. जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून, त्याला आपल्या जनावरावर बसवून शोमरोनी उताराशाळेत नेतो, इथपर्यंतचे चित्र आपल्या मनात पक्के असते. दुसऱ्या दिवशी तो उताराशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगतो. द्राक्षमळ्यातल्या दिवसाला एक दीनार या ठरावाप्रमाणे पाहिले तर ही दोन दिवसांची मजुरी झाली. दया शोमरोन्याला आली होती, म्हणून तिचा खर्च त्याने सोसला. ‘हेही पुण्याचे काम आहे, तूही काही घेऊ नकोस’ असे तो रखवालदाराला म्हणाला नाही. आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती संस्थांनी हा शेवटचा भाग पुन्हा वाचण्याची गरज आहे. शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांनी मराठवाड्याची जी सेवा केली तिचे मोल मी कमी करत नाही. मी स्वतः अशाच एका वसतिगृहात राहून शिकलो. पण त्याच वातावरणात तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या आया, स्वयंपाकिणी, रखवालदार आणि तात्पुरते शिक्षकही मी पाहिले आहेत, आणि त्यांनी पगाराचे नाव काढले की ‘सेवा समजून करा’ हे ठरलेले उत्तर ऐकले आहे. सेवा ही ज्याने त्याने स्वतःच्या इच्छेने करायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या घामातून आपण सेवा करू लागलो की ती सेवा राहत नाही.

आता ऊसतोडीकडे वळतो, कारण मराठवाड्यात विश्वासूपणाविषयी बोलायचे आणि ऊसतोड टाळायची, हे अप्रामाणिक ठरेल. दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे दोन माणसे राबतात आणि हिशोबात एकच नाव येते, तेही नवऱ्याचे. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल तोडीतून फेडायची असते; आजारपणाने किंवा बाळंतपणाने खाडा पडला तर तो अंगावर येतो, आणि हंगाम संपल्यावरही बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर फिरते. कर्जापायी माणूस बांधून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध १९७६ साली देशात कायदा झाला, तरी फिरत्या बाकीचे जोखड सुटलेले नाही. आमच्यासारख्या मंडळ्यांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत. काही कुटुंबे तोडीला जातात आणि नाताळच्या उपासनेला देऊळ अर्धे रिकामे दिसते; काही जण मुकादमी करतात, काहींचे ट्रॅक्टर आहेत. तोडीला निघालेल्यांसाठी आपण प्रार्थना करतो, ती मनापासून असते यात शंका नाही. परंतु त्याच बाकावर बसलेल्या मुकादमाला, ‘तुझ्या वहीतली बाकी कशी निघाली, खाडा किती धरलास, आणि बाळंतिणीचाही धरलास का?’ असे कोणी विचारत नाही. दर सातव्या वर्षी कर्जमाफी करावी आणि दासाला मोकळे करताना त्याला रिकाम्या हाताने न पाठवता खळ्यातले आणि कळपातले काढून द्यावे, असे सांगणारा अनुवादाचा पंधरावा अध्याय ज्याच्या हातात आहे, त्याने पाडव्याला सालगडी सोडताना किंवा हंगामाअखेर कोयत्याचा हिशोब करताना तो उघडायला नको काय?

यावर पहिला आक्षेप असा येतो की, तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, आणि मंडळीने हिशोबाच्या वह्या तपासू लागणे म्हणजे पुन्हा नियमशास्त्राच्या दास्यात जाणे होय. हा आक्षेप गंभीर आहे, कारण इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचे ते वचन आपल्या विश्वासाचा कणा आहे. तथापि त्याच्याच पुढच्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी घडवले गेलो आहोत असे म्हटले आहे, आणि कृपा भेटल्यावर माणूस काय करतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण यरीहोचा जकातदार जक्कय आहे. येशू बोलावणे नसताना त्याच्या घरी गेला; ही कृपा. मग जक्कय उभा राहून म्हणाला की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे येशूचे उद्गार त्यानंतरचे आहेत. जक्कय आधी दानाचे बोलला आणि नंतर भरपाईचे, हे मला मान्य केले पाहिजे. माझ्या शीर्षकाशी तेवढे ते जुळत नाही. पण तो पहिल्याच वाक्यावर थांबला असता, तर ज्यांना त्याने लुबाडले त्यांच्या घरी काहीच पोचले नसते आणि गावात त्याची वाहवा तेवढी झाली असती.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. ज्याची स्वतःची जमीन कोरडवाहू, ज्याचा कापूस मोंढ्यात पडेल भावाने जातो, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्या शेतकऱ्याने रोजच्या रोज मजुरी कुठून द्यायची? याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. इथल्या शेतकऱ्याची अडचण कोणाला खोटी म्हणता येणार नाही. ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडून ते मागणे हा सद्गुण नव्हे. पण अशा वेळीही विश्वासूपणाला जागा उरतेच. जो देऊ शकणार नाही त्याने काम सुरू होण्यापूर्वी तसे सांगावे, म्हणजे येणाऱ्या माणसाला यायचे की नाही हे ठरवता येईल. ‘तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही’ असे असावे, ही आज्ञा याच प्रसंगासाठी आहे. आणि काट्यावरचे ग्रॅम धरण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा आक्षेप मी फारसा मानत नाही. व्यवहार ही खासगी बाब आहे आणि मंडळीने त्यात पडू नये, असे सांगितले जाते. मुलीने कोणाशी लग्न करावे, तरुणाने दारू-तंबाखू खावी की नाही, या बाबतीत पंचकमिटीला खासगीपणाची आठवण होत नाही. व्यवहाराच्या बाबतीतच ती होते, कारण तिथे ज्यांना विचारायचे ते पुष्कळदा पंच असतात किंवा मोठे देणगीदार.

क्षमेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. क्षमा हा ख्रिस्ती जीवनाचा प्राण आहे. पण ती ज्याने सोसले त्याने द्यायची असते, आणि ज्याने केले त्याने आधी आपले केलेले मान्य करायचे असते. आमच्या भागात भाऊबंदकीतले निम्मे खटले बांधावरून असतात. दरवर्षी नांगर एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घालायचा, पाच वर्षांत हातभर जमीन सरकते, आणि मग दोघे भाऊ एकाच रविवारी प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकतात. पाळक दोघांनाही क्षमा करा म्हणून सांगतात. पण बांध कोरलेला तसाच राहतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले तेव्हा ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्यानेच उठून जावे असे सांगितले. म्हणजे पाऊल कोरणाऱ्याने उचलायचे आहे आणि मोजणी आणून बांध पूर्ववत करायचा आहे. दारूड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, क्षमा कर’ असे सांगून परत पाठवणे तर माझ्या मते सद्गुणांचा सरळ दुरुपयोग आहे. तिला आसरा मिळवून देणे आणि त्याला जाब विचारणे, ही सौम्यतेच्या विरुद्ध गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्यांनी त्या मुलींना आधी छप्पर, अन्न आणि हाताला काम दिले.

आपला स्वतःचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळाली होती. ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, अशा माणसांना तिथे जमीन, पाणी आणि काम मिळावे, हा त्या वसाहतीचा हेतू होता. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांना सुवार्ता कळली ती उपदेशाबरोबर विहिरीच्या पाण्यातून कळली. त्यांच्या वारसांनी सद्गुण म्हणजे केवळ मनाची अवस्था असे मानावे, याचे मला वाईट वाटते.

याच वारशातून एक सार्वजनिक मागणीही निघते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, पण दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. जात बाप्तिस्म्याने पुसली जात नाही, हे गावकुसाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला माहीत आहे, आणि ही मागणी न्याय्य आहे असे मी ठामपणे मानतो. पण जो न्याय आपण दिल्लीकडे मागतो तो आपल्या कमिट्यांत, सोयरिकीत आणि संस्थांच्या नेमणुकांत आपण एकमेकांना देतो का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्या मंडळीत अजूनही पूर्वीची जात विचारून सोयरीक जुळते, तिचे निवेदन दिल्लीत पोचेपर्यंत हलके झालेले असते.

ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, असा संशय अलीकडे गावोगावी घेतला जातो. त्याला पत्रके काढून उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिवची गावे जमीनदोस्त केली तेव्हा सगळ्या धर्मांची माणसे ढिगारे उपसायला धावली, आणि त्या दिवसांत कोणी कोणाचा हेतू विचारला नाही. संकटातले औदार्य कुणालाही समजते. ज्यात ना पुण्य ना प्रसिद्धी, असा रोजचा चोख व्यवहारही समजतो. अमक्याच्या शेतावर वजन खरे होते आणि पैसे त्याच दिवशी मिळतात, ही गोष्ट मजूर बाया एकमेकींना सांगतात, आणि त्यात कोणाला आमिष दिसत नाही.

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या, मोसंबीच्या टोपल्या वेदीपुढे मांडल्या जातात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. मी कमिटीपुढे अशी सूचना ठेवली आहे की, सणाच्या आदल्या रविवारी पाळकांनी सर्वांना विचारावे : या हंगामातली कोणाची मजुरी, कोणाचे साल, कोणाचे भाडे आपल्याकडे राहिले आहे काय? नावे वाचायची नाहीत, वह्या तपासायच्या नाहीत. फक्त आठ दिवस द्यायचे आणि मग टोपली आणायची. एक ज्येष्ठ पंच म्हणाले की असे केले तर निम्म्या टोपल्या येणार नाहीत. ते बहुधा खरे असेल; तरीही ही सूचना मंजूर व्हावी, असा माझा आग्रह आहे.

माझ्या शेतावर आता रिकामे धडपे आधी काट्याला लावले जातात, प्रत्येकीच्या धडप्याचे खरे वजन वहीत लिहिले जाते आणि संध्याकाळी निंबाखालीच पैसे दिले जातात. ती बाई त्या प्रसंगानंतर दोन हंगाम आमच्याकडे आली नाही. तिसऱ्या वर्षी आली. पहिल्या संध्याकाळी मी पैसे तिच्या हातावर ठेवले, तेव्हा तिने ते तिथेच दोनदा मोजले आणि वहीतला आकडा शेजारणीकडून वाचून घेतला. तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.